मागची भिंत

"दारातून हाक मारून खोली रिकामी ठरत नाही, ठमे. आत जायचं, शेवटपर्यंत जायचं, मागच्या भिंतीला हात लावायचा आणि मगच आपलं कुलूप काढायचं. भिंतीचा गारवा हाताला लागला नाही, तर तू पाहिलंच नाहीस असं धर."

अण्णांना, तिच्या वडिलांना, जाऊन बरीच वर्षं झाली, पण पंपघराच्या पायऱ्या उतरताना ठमीला हे रोज ऐकू यायचं. आज ते भलत्याच ठिकाणी ऐकू आलं. आईच्या स्वयंपाकघरात, नळाखाली हात धुताना. हात पुसायला तिनं खिशातून रुमाल ओढला आणि रुमालाबरोबर लोखंडी कडी बाहेर येऊन ओट्यावर खणकन पडली.

कडीत दोन किल्ल्या होत्या. एक तिच्या लाल कुलपाची, दुसरी पंपघराच्या दाराची. दोन्ही या घरात असायचं काहीच कारण नव्हतं.

नळ वाहत राहिला. तो बंद करायचं तिला सुचलं नाही.

संशोधन केंद्रातल्या अणुभट्टीचं पाणी फिरवणारे पंप सांभाळणं, त्यांची सीलं बदलणं, त्यांचं कण्हणं ओळखणं हे तिचं काम. तिच्याआधी ते अण्णांचं होतं. भट्टी चालू असली की त्या पाइपांतलं पाणीच किरणं सोडतं. म्हणून भट्टी बंद करूनच खाली जायचं, आणि जाण्याआधी प्रत्येकानं आपापलं कुलूप पंपाच्या मुख्य खटक्याला लावायचं. किल्ली ज्याची त्याच्या खिशात. एक जरी कुलूप लटकत असलं तरी पंप सुरू होत नाही, आणि पंपाशिवाय भट्टी पेटत नाही. दाराची किल्लीही एकच, मुद्दामच एक. काम संपलं की भिंतीला हात लावून वर यायचं, दार ओढायचं, कुलूप काढायचं आणि कडी पाळीप्रमुखाच्या हातात ठेवायची. मगच घरी.

आज काम संपलं, तिच्या जोडीला काम करणारा लंबू वर आला, त्यानं आपलं कुलूप काढलं आणि खिसे चाचपत म्हणाला, "माझा चष्मा खालीच राहिला बघ, टाकीमागं. तुझं कुलूप आहे ना अजून? मग आणतो." तेवढ्यात दाराबाहेरच्या भिंतीवरचा फोन वाजला होता, दादाचा. मी गेटवर गाडी घेऊन उभा आहे, आई जेवायची खोळंबलीय, लगेच नीघ. "चष्मा घे आणि दार ओढून घे रे," असं लंबूला ओरडून सांगत ती कपडे बदलायला पळाली होती. डगल्याच्या खिशातलं सगळं सवयीनं आपल्या खिशात आलं. आणि ती गाडीत बसली.

मागची भिंत राहून गेली होती.

बाहेरच्या खोलीतून मामांचं हसू आलं आणि त्यावर वहिनीचा धारदार आवाज. ठमीनं कडी मुठीत धरली. आत्ता बाहेर जाऊन हे सांगणं म्हणजे काय, ते तिला पुरतं ठाऊक होतं.

*

वहिनीनं लेकीचं ताट पुन्हा एकदा पुसलं. बाकीची ताटं कोरडीठाक होती, ती तिला दिसली नाहीत.

"बस चुकली असेल. ठमी म्हणालीच ना, ती आधीच वर आली, बसनं येईल म्हणून," मामा म्हणाले. ते सासूबाईंचे धाकटे भाऊ, केंद्राच्या भांडारातून निवृत्त झालेले. "ती बस वेळेवर आली तर उलट मलाच काळजी वाटते. म्हणावं, ड्रायव्हरची तब्येत बरी आहे ना."

"मामा, सगळंच हसण्यावारी नेऊ नका हो. आज ती आली की विषय काढायचा म्हणून तुम्हाला बोलावलंय. आठवडा झाला, हौस फिटली. आता दुसरीकडे नोकरी बघ म्हणून तुम्ही सांगायचं. माझं ती ऐकत नाही."

"आणि माझं ऐकते? भिंगरी आहे ती. नाव मीच ठेवलंय, आता काय तक्रार करणार."

"तिचे बाबा बोलत नाहीत, म्हणून तुम्हाला म्हणते."

थोरला, ठमीचा दादा, खिडकीशी उभा होता. देखभाल विभागाचा प्रमुख झाल्यापासून घरातही तो कागदावर सही केल्यासारखा मोजकं बोलायचा. "मी काय बोलू? मी त्याच फाटकातून आत जातो. तिला कुठल्या तोंडानं नको म्हणू?"

"तुम्ही ऑफिसात बसता. ती खाली उतरते."

वहिनीनं सासूबाईंकडे पाहिलं. त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत, डोळे अर्धवट मिटून बसल्या होत्या. त्यांच्याकडून आत्ता शब्द मिळणार नव्हता. अण्णा पाळीवर जायचे तेव्हापासूनचं त्यांचं व्रत. संध्याकाळी देवापुढून उठल्या की घरचं शेवटचं माणूस उंबऱ्याच्या आत येईपर्यंत मौन. लग्न होऊन आल्यावर वहिनीला त्याचा राग यायचा. मग कधीतरी तिच्या लक्षात आलं, की या घरात काळजीला दुसरी जागाच नाही. सासूबाईंनी ती गप्प राहण्यात ठेवली आहे. आपल्याला ते जमत नाही, म्हणून आपण ताटं पुसतो.

"वन्संनी शब्द दिला म्हणून सोडली मी तिला," ती म्हणाली. "याच खोलीत म्हणाल्या, वहिनी, ती रोज माझ्याआधी बाहेर येईल. सगळ्यांत शेवटी मी. तिला अजून स्वतःचं कुलूप मिळालेलं नाही, तोवर ती माझ्या कुलपाखाली. मी म्हटलं, ठीक आहे. कुलूप म्हणजे काय ते मला कुठे कळतं? माणूस कळतं, म्हणून हो म्हटलं."

फोन वाजला.

*

थोरल्यानं तो उचलला. पाळीप्रमुख होता, आवाजात घाई.

"साहेब, पंपाच्या खटक्यावर ताईंचं लाल कुलूप तसंच आहे. कडी जमा नाही. भट्टी आत्ता चालू केली नाही तर इस्पितळांचा माल सकाळच्या विमानाला मिळत नाही."

थोरल्यानं डोळे मिटले. इस्पितळांचा माल म्हणजे गाठींवरचं औषध. भट्टीत तयार व्हायचं आणि तयार झाल्या क्षणापासून त्याचा जोर ओसरत जायचा. ते कपाटात ठेवून देता येत नाही. कुठेतरी माणसं उपाशीपोटी त्याची वाट बघत असतील.

"लंबूचं कुलूप?"

"ते काढलंय. एक ताईंचंच आहे."

"म्हणजे विसरली. खोली बघितलीत?"

"दाराच्या काचेतून बघितली. हाकही मारली. कुणी नाही. आत जायला किल्ली कुठाय? ती ताईंच्याच कडीत. कटर आणायला माणूस पाठवलाय, तुम्ही हो म्हणालात तर कापतो."

काचेतून पाहिली, हाक मारली. या शब्दांपाशी त्याच्या मनात काहीतरी जरासं अडखळलं. पण आपणच तिला घाईनं बाहेर काढलं, हेही त्याच वेळी आठवलं आणि त्याला ते आठवायचं नव्हतं.

"कापा," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

वळला तर दारात ठमी उभी होती. मूठ पुढे केलेली, मुठीतून पाणी ठिबकत होतं.

"काय कापायला सांगितलंस, दादा?"

"तुझं कुलूप. विसरून आलीस. होतं कधीतरी, उद्या बघू."

"परत फोन लाव. कापू नका म्हणावं."

"अगं, खोली रिकामी आहे. बघितलीय त्यांनी."

"कुठून बघितली?"

एकाच बापाची दोन मुलं एकमेकांकडे पाहत राहिली. मग त्यानं अगदी हळू विचारलं, "तू भिंतीला हात लावला होतास?"

"नाही."

"ऐकलंत?" वहिनी उठून उभी राहिली. "मामा, ऐकलंत ना? मी काही म्हटलं की घाबरट. आता वन्संच्याच तोंडून ऐका."

"ऐकू दे वहिनी त्यांना. खरंच आहे ते," ठमी म्हणाली. "उद्या सगळं बोला, मी मान खाली घालून ऐकेन. नोकरी सोड म्हणालात तरी ऐकेन. दादा, लंबू चष्मा आणायला परत खाली गेला होता. स्वतःचं कुलूप काढून, माझ्या भरवशावर. तो वर आलेला मी पाहिलेला नाही."

"आला असेल. घरी जाऊन झोपलाही असेल."

"त्याचा बिल्ला गेटवर टांगलाय का विचार."

"त्याचा बिल्ला?" मामा सवयीनं म्हणाले. "तो कधी गेटवर असतो? किती किरणं लागली ते मोजायला दिलाय, हा बनियनला लावून घरी भाजी निवडतो." पण कुणीच हसलं नाही, तसे तेही ओशाळून म्हणाले, "लाव बाबा फोन. आधी भट्टीला लाव."

थोरल्यानं फोन लावला. पलीकडे लाइन व्यस्त होती. परत लावला. परत व्यस्त.

"आतून दाराचा दांडा ढकलून येता येतं की बाहेर," तो म्हणाला. नक्की कुणाला सांगत होता कोण जाणे.

"दांडा अडकतो, दादा. दोनदा सांगून झालंय. तू म्हणालास, पुढच्या वेळी भट्टी बंद असेल तेव्हा बघू."

*

आई हे सगळं ऐकत होती. तिला कुलपं कळत नव्हती, खटके कळत नव्हते. तिला एवढंच कळत होतं, की हे सगळे लंबूबद्दल बोलताहेत आणि तिचं मौन अजून सुटलेलं नाही.

ती रोज मनातल्या मनात घरातली माणसं पुढ्यात आणून बसवायची. आधी देव, मग माणसं. थोरला आला. सून घरातच. भाऊ आला. ठमी आली, पण ती येताना एकटी आली. रोज संध्याकाळी तिच्यामागून चपलांचा दुसरा आवाज यायचा, धाडधाड, जिना मोडेल असा. आठवडाभर तो यायचा आणि मग आई बोलायला मोकळी व्हायची. आज तो आवाज आला नव्हता. बस येऊन गेली होती. समोरच्या बिल्डिंगमधली केंद्रातली माणसं डबे हलवत आपापल्या दारात शिरलेली तिनं मघाशीच खिडकीतून पाहिली होती.

लंबूचे गुडघे दुखतात, हे ठमी रोज जेवताना सांगायची. टाकीमागं वाकायचं झालं की तो कुणाला पाठवतो, तेही तिनंच हसत सांगितलं होतं.

आई उठली. तोंड उघडावंसं वाटलं. पण तिला वाटलं, आत्ता बोलले तर ती आल्यासारखं होईल, आणि ती तर आलेली नाही. ती टेबलाशी गेली. वहिनीनं पुसून पुसून चकचकीत केलेल्या ताटाशेजारचा भिंगरीचा पेला उचलला आणि नेऊन थोरल्याच्या पुढ्यात, फोनशेजारी ठेवला.

सगळे त्या पेल्याकडे पाहत राहिले.

"आई?" थोरला म्हणाला.

तिनं दाराकडे बोट केलं. मग पेल्याकडे.

वहिनीला ते सगळ्यांत आधी कळलं. ती ओरडली नाही. ती खाली बसली, खुर्ची तिथे आहे की नाही हे न पाहता. मामांनी तिला धरलं.

*

लंबूनं फोन दुसऱ्या घंटेला उचलला. ठमीनं तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"तू घरी आहेस?"

"मग? आत्ताच चहा घेतला. काय झालं?"

"चष्मा मिळाला?"

"नाही ना. भिंगरी म्हणाली, काका, तुम्ही नका वाकू, मी आणते. मी वरच थांबलो, मग जरा बाथरूमला जाऊन आलो तर दार बंद. म्हटलं आत्याबरोबर गेली, उद्या देईल चष्मा." तो थांबला. "ठमे, ती तुझ्याबरोबरच आली ना?"

ठमीला ते पंपघर दिसत होतं. वरच्या पंख्याची घरघर, त्यात माणसाची हाक विरून जाते. टाकीमागची अरुंद जागा, जिथे काचेतून नजर पोचत नाही. दार आपोआप मिटलं असणार. मोबाइल आत न्यायचा नाही, हे पहिल्याच दिवशी तिनंच पोरीला बजावलं होतं. ती दारावर थापा मारत असेल, आणि मग दमून, नाहीतर घाबरून, मागे जाऊन बसली असेल. तेव्हाच पाळीप्रमुख काचेशी येऊन गेला असेल.

थोरला फोन लावतच होता. त्याची बोटं चुकत होती. मामांनी शेवटी त्याच्या हातातून फोन घेतला, एकेक आकडा दाबला आणि परत त्याच्या कानाला लावला.

यावेळी घंटा गेली. वाजत राहिली.

"साहेब? जरा गडबडीत आहे, कटर लागत नव्हता, आता बसलाय बघा—"

"काढा तो," थोरला म्हणाला.

"काय?"

"कटर काढा. कुलपाला हात लावू नका. आत माझी मुलगी आहे."

पलीकडून धातू जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.

"ठेवला, साहेब. दार फोडू?"

"ते दार फुटत नाही. तसंच बनवलंय ते." त्याचा आवाज आता विचित्र शांत झाला होता. "काचेशी माणूस उभा करा. दिवा दाखवत राहा, तिला दिसू दे. वरचा पंखा बंद करू नका, हवा लागेल तिला. ठमी किल्ली घेऊन निघालीय."

"आणि माल, साहेब? इस्पितळांना काय सांगू?"

"खरं सांगा. मी कापा म्हटलं होतं, हेही सांगा." त्यानं मान वर करून बहिणीकडे पाहिलं. "मी हा फोन कानापासून हलवत नाही. मी इथे असेपर्यंत कुणी खटक्याला शिवणार नाही. तू जा."

ठमी निघालीच होती. जिन्यावर तिला मागून चपलांचा आवाज आला. वहिनी होती, हातात गाडीची चावी.

"मी चालवते," वहिनी म्हणाली.

"वहिनी, मी—"

"आत्ता काही बोलू नका, वन्सं. आत्ता मला तुमचा राग करता येणार नाही. तुमच्याकडे किल्ली आहे."

गाडी रस्त्याला लागली. दुकानांची शटरं, दिवे, सिग्नलला थांबलेली माणसं, सगळं नेहमीसारखं होतं आणि तेच भयंकर वाटत होतं. प्रत्येक सिग्नलला वहिनीचे ओठ हलत. ती काय म्हणतेय ते ठमीनं विचारलं नाही. तिच्या स्वतःच्या मनात तेच चाललं होतं.

केंद्राच्या फाटकाशी वहिनीला थांबावं लागलं. पुढे तिला परवानगी नव्हती. तिनं गाडीची काच खाली केली आणि पहिल्यांदाच ठमीचा हात धरला, इतका घट्ट की कडी दोघींच्याही तळव्यात रुतली.

"काय म्हणाला होतात, आठवतंय ना?"

"आठवतंय."

बिल्ला छातीवर लावताना ठमीला पिन सापडेना. पहारेकऱ्यानं लावून दिला. डगला, बूट, बोळ. दाराबाहेर खटक्यापाशी तिचं लाल कुलूप होतं तसंच लटकत होतं. त्याच्या दांड्यावर कटरचा ओरखडा ताजा, चकचकीत. त्याच्याकडे ती क्षणभरही पाहू शकली नाही. पाळीप्रमुख दिवा घेऊन काचेशी उभा होता, चेहरा पांढराफटक. "ताई, दिसत नाही हो अजून कुणी," तो पुटपुटला. "आम्ही किती वेळ हाका मारतोय."

तिनं किल्ली फिरवली. दार जड, नेहमीसारखंच कुरकुरत उघडलं. दार मिटू नये म्हणून तिनं लाकडी पाचर पायानं आत सरकवली आणि पाळीप्रमुखाला म्हणाली, "इथून हलायचं नाही. मी शेवटची येणार आहे."

ती पायऱ्या उतरली. खाली दिवे होते, पण टाकीमागं अंधार साचलेला. पंख्याची घरघर. पंप मुके. हाक मारायला तिनं तोंड उघडलं आणि अण्णांचा आवाज आठवून मिटलं.

तेव्हा कुठूनतरी, पाइपांतून येतोय की भिंतीतून कळू नये असा, बारीक आवाज आला. टक. मग पुन्हा टक. चष्म्याच्या डबीसारखं काहीतरी लोखंडावर हलकेच आपटत होतं. कुणीतरी खूप वेळ, दमून दमून, आपटत होतं.

ठमीचे पाय धावायला निघाले होते. तिनं ते आवरले. एक हात पुढे धरून, तळवा उघडा ठेवून, ती मागच्या भिंतीकडे चालू लागली.